भुऱ्या आणि काशाची थाळी

अण्णाजींच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचायला निघालेल्या बाया वावराची वाट सोडून तिथंच थांबल्या होत्या. पोट्टी कुंपणावर चढली होती. मधे पाटावर अण्णाजींची आठ वर्षांची नात वर्षाली पुढे वाकून बसली होती आणि तिच्या उघड्या पाठीला काशाची थाळी चिकटलेली होती. दोरी नव्हती, डिंक नव्हता, कोणाचा हात लागलेला नव्हता. पोरगी श्वास घेई तशी थाळी हले, पण पडत नसे.

"पाहून घ्या! डोळे देल्ले देवानं, तं पाहून घ्या!" चंद्रभान महाराज थाळीभोवती फिरत ओरडत होते. "जवरिक अंगात विष, तवरिक थाळी सोडत नाई. माय लेकराले सोडन, थाळी विषाले नाई सोडनार! बोल कुत्ते, काला के भूरा? कहां से आया? उतर! हाडातून उतर, मासातून उतर, रगतातून उतर!"

"भुरा आहे जी, भुरा," गर्दीतला बबनराव हात जोडून म्हणाला. कुत्र्याच्या वतीनं उत्तर द्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

महाराजांनी पोरीला पाटासकट उन्हात सरकवलं आणि पाठीवर राख फुंकली. थोड्या वेळानं थाळी सुटली आणि खणकन दगडावर पडली. बायांनी हात जोडले. वर्षालीची आई जयवंता मटकन खाली बसून रडायला लागली.

"झाली साफ!" महाराज म्हणाले. "आता घरातल्या सगळ्याइले बसवा. कुत्रं घरचं होतं, विष घरभर असते."

जयवंता बसली. शेवटी अण्णाजी बसले. "मले तं चावला बी नाई तो," ते हसत म्हणाले, "पण लावा. हात लागलता त्याले." त्यांच्या पाठीलाही थाळी चिकटली आणि उन्हात पडली. अण्णाजींनी सदरा घातला, अंगावरून ओझं उतरल्यासारखा मोठा श्वास सोडला आणि महाराजांच्या पाया पडले.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमचं गाव सेलू आणि सिंदी रेल्वेच्या मधे, डांबरी सडकेपासून आत. भुऱ्या हा अण्णाजींचा कुत्रा. वावरात कापसाच्या गंजीवर त्याची राखण असली की अण्णाजी घरी निवांत झोपत. जेवताना पहिला घास ते त्याला देत, मग स्वतः खात. अशा कुत्र्याला काय होणार, असं सगळ्यांनाच वाटे.

पोळ्यानंतर ग्रामपंचायतीपुढे कुत्र्यांना पिसाळ रोगाची लस टोचायचं शिबिर झालं. ते भरवायला लावलं आमच्या शाळेच्या प्रेरणाबाईंनी. त्या दिवसा पोरांना शिकवत आणि संध्याकाळी आमच्यासारख्या पांढऱ्या डोक्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावत. सेलूचे ढोरांचे डॉक्टर प्रफुल बर्फाचा डबा घेऊन आले. माणसं आली, कुत्री मात्र फार आली नाहीत.

"डाक्तर, टोचलं का कुत्रं ढिलं पडते म्हणते. मंग चोर आला तं भुंकन का पाय चाटन?"

"अन् मरून गेलं तं?"

"आमचं तं घरातच राह्यते जी. त्याले कोण चावते?"

डॉक्टर एकेकाला सांगत होते, पण तेवढ्यात बबनरावाचं कुत्रं दोरी तोडून पळालं आणि सारी सभा हसत त्याच्या मागे गेली. त्या दिवशी हातावर मोजण्याइतकीच कुत्री टोचून झाली. त्यात भुऱ्या होता. अण्णाजींनी त्याला स्वतः आणलं, तोंड धरलं आणि सुई झाली तसं पटकन घरी नेलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "इतक्यात कुठं चावाचावी, जखम?" अण्णाजी म्हणाले, "नाई जी, काईच नाई."

महिना झाला असेल नसेल, भुऱ्याचं खाणं सुटलं. तोंड उघडंच राहू लागलं, लाळ गळू लागली, भुंकण्याचा आवाज घोगरा झाला. अण्णाजींना वाटलं, घशात हाड अडकलं. त्यांनी जबड्यात हात घालून पाहिलं. हाड नव्हतं. दुसऱ्या दिवशी भुऱ्यानं अंगणात खेळणाऱ्या वर्षालीच्या पोटरीचा लचका तोडला आणि वावराकडे पळाला. दोन दिवसांनी तो अण्णाजींच्या विहिरीजवळ मरून पडलेला सापडला.

गावानं एका वाक्यात निकाल दिला, "सुईनं पिसाळला." आणि सिंदीकडून चंद्रभान महाराज थाळी घेऊन आले.

त्यांनी पाठ साफ केली तेवढ्यावर भागलं नाही. त्याच दुपारी ते वर्षालीला विहिरीवर घेऊन गेले. मीही सोबत होतो. कुत्रं चावलेल्यानं विहिरीत पाहावं, असा आमच्याकडे जुना रिवाज. महाराजांनी पोरीची मान धरून तिला काठावरून वाकवलं.

"काय दिसते?"

"पानी."

"नीट पाह्य. पान्यात कोन आहे?"

"अंधार आहे."

"अंधारात कोन आहे वं? चार पाय दिसते का नाई?"

पोरीनं आईकडे पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "भुऱ्या."

बाया मागे सरकल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. महाराज म्हणाले, "देह गेला, कुत्रं गेलं नाई. इथं बसलं आहे. थाळीनं विष निघालं, पण पोरीच्या अंगात आता सुई घातली का हा खवळन आन् तिले घेऊन जाईन. दवाखान्याची पायरी चढू नका."

त्या संध्याकाळपासून विहिरीतून आवाज येऊ लागला. दिवस बुडताना वारा सुटला की वावराकडून लांबलचक हूऽऽ ऐकू येई. चढे, उतरे, थांबे, पुन्हा सुरू होई. भुऱ्या ज्या दिवसांत घोगरा झाला होता, तेव्हाचाच तो आवाज, असं जो तो म्हणे. बाया पाणी लवकर भरून घरात शिरत. ज्या कुत्र्यांना लस टोचली होती त्यांना लोक दगड मारू लागले. एकाला तर गावाबाहेर हाकलून दिलं. वर्षाली आवाज सुरू झाला की कानात बोटं घालून आईच्या मांडीत डोकं खुपसे. "माय, तो मले बलावते."

प्रेरणाबाई दिवाळीच्या सुटीवरून परतल्या आणि हे ऐकून सरळ अण्णाजींच्या घरी गेल्या.

"जयवंता, पोरीला जखम होऊन आठवडा झाला. अजून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं नाहीस?"

"पोटात चौदा सुया टोचते म्हणते म्याडम. आन् महाराज म्हणते, सुई घातली तं जाईन."

"सुई नाही घातली तर जाईल. भुऱ्या पिसाळलेला होता ना? मग या पोरीकडे फार दिवस नाहीत. रोग एकदा दिसू लागला की त्याला औषध नाही. अजून दिसलेला नाही, म्हणून आज जायचं."

जयवंतानं सासऱ्याकडे पाहिलं. तिचा नवरा सचिन सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यानं येणारा. घरात शब्द अण्णाजींचा. अण्णाजी खाटेवर बसून उजव्या हाताचं बोट चोळत होते. "थाळी पडली ना बाई," ते म्हणाले. "आता काऊन पोरीले भोसकता?"

बाई उठल्या. दुसऱ्या दिवशी महाराज पारावर पुन्हा थाळी लावायला बसले, तेव्हा त्या गर्दीतून पुढे आल्या.

"महाराज, बबनरावांना लावा बरं."

"मले कुठं कुत्रं चावलं म्याडम?" बबनराव दचकला.

"म्हणूनच. विष नाही तर चिकटणार नाही. हो ना महाराज?"

महाराज टाळत होते, पण लोकांनी बबनरावाला ढकलून पुढे बसवलं. बाईंनी महाराज करत तसंच केलं. पाठ वाकवली, ओल्या हातानं पुसली, थाळी ठेवली आणि तळव्यानं मधोमध दाबली. थाळी घट्ट बसली.

"याले मागच्या जन्मी चावलं असन," महाराज लगेच म्हणाले.

"मंग मागच्या जन्मी मी मांजर असन," बबनराव वाकूनच ओरडला. लोक हसले.

बाईंनी दुकानासमोरचं मोठं कोहळं मागवलं. त्याची पांढरी भुकटी पुसून, पाणी लावून त्यावर थाळी दाबली. कोहळं उचलून आडवं धरलं. थाळी जागची हलली नाही.

"आता या कोहळ्याला कोणतं कुत्रं चावलं महाराज?"

"वावरातून कोल्हा गेला असन त्याच्यावरून."

आता पोट्टी हसून लोळत होती. हसण्यात सारेच होते, फक्त अण्णाजी हसले नाहीत. कोल्ह्याचं नाव निघताच ते उठून घराकडे चालू लागले. तेव्हा आम्हाला वाटलं, महाराजांची थट्टा त्यांना सोसवली नाही.

बाईंनी थाळी सगळ्यांच्या हातात फिरवली. "पाहा, पातळ आहे आणि मधे जराशी खोलगट. वाकलेली पाठ गोल असते. पाणी आणि घाम मधे असतो. दाबलं की आतली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा थाळीला पाठीवर दाबून धरते. उन्हात बसवलं की कड सुकते, माणूस कंटाळून ताठ होतो, फटीतून हवा शिरते आणि थाळी पडते. यात विष कुठंच नाही."

"मंग इतके लोक वाचले ते?" कोणीतरी विचारलं.

"चावणारं दर कुत्रं पिसाळलेलं असतं का? नसतं. मग माणूस थाळी लावली तरी वाचतो, नाही लावली तरी वाचतो. नाव थाळीचं होतं. पण कुत्रं खरंच पिसाळलेलं असलं, तर थाळीवाला दुसऱ्या गावी गेलेला असतो."

माणसं माना हलवत घरी गेली. दिवस कलला, वारा सुटला आणि वावराकडून हूऽऽ उठलं. हसू जागीच विरलं. दारं लागली. त्यातला एकही माणूस बाईंकडे जाऊन म्हणाला नाही, की मी पोरीला वर्ध्याला नेतो. मीसुद्धा नाही.

पण जयवंता त्या आवाजावर विचार करत होती. पुढच्या दुपारी आभाळ भरलं आणि वारा दिवसाच सुटला. आवाज सुरू झाला तशी ती एकटी विहिरीकडे निघाली. बांधावर मी तिला अडवलं. ती म्हणाली, "बाबाजी, माह्या पोरीले नेनारा असन, तं मले पाहू तं द्या त्याचं तोंड."

मी तिच्या मागून गेलो. काठाशी आवाज इतका मोठा होता की मी मागेच थांबलो. ती पुढे गेली. वाकून पाण्यात पाहिलं, काही नव्हतं. मग ती काठानं सरकत गेली, कान लावत. दसऱ्याला अण्णाजींच्या विहिरीवरची मोटर जळाली होती, ती सेलूला दुरुस्तीला नेली होती. तिचा लोखंडी पाइप विहिरीत तसाच उभा होता, वरचं तोंड उघडं. जयवंतानं त्या तोंडावर तळहात ठेवला.

आवाज बंद.

तिनं हात काढला. वाऱ्याचा झोत आला आणि हूऽऽ पुन्हा निघालं. पुन्हा हात ठेवला, बंद. पोरं रिकाम्या शिशीच्या तोंडावर फुंकतात तसा वारा त्या पाइपावर फुंकत होता. तो आधीही वाजत असेल, पण तेव्हा तिकडे कोणाचा कान नव्हता. ती तिथंच खाली बसली. मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती, आणि ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

तिनं अण्णाजींना बोलावून आणलं. त्यांच्यासमोर पाइपात गोणपाट कोंबलं, काढलं, पुन्हा कोंबलं. "मामाजी, हा पाह्या तुमचा भुऱ्या. लोखंडाचा आहे. आता मी पोरीले घेऊन चालली वर्ध्याले."

"जाय," अण्णाजी म्हणाले.

"तुमी बी चला. तुमी त्याच्या तोंडात हात घातलता. दात लागला का?"

अण्णाजींनी उजवी मूठ धोतराच्या सोग्यात घेतली. "नाई वं बाई. माह्या हातून भाकर खाये तो. मले कसा चावन? आन् माही थाळी तं पडली ना."

"थाळी कोहळ्याले बी चिकटते मामाजी."

"तू पोरीले ने."

ती गेली. प्रेरणाबाई सोबत होत्या. डॉक्टरांनी उशिराबद्दल रागावून घेतलं, जखम साबणानं धुतली आणि सुया सुरू केल्या. रोज एसटीनं जाणं-येणं, पोट सुजून यायचं, पोरगी रडायची, पण जयवंतानं एकही सुई चुकवली नाही. महाराज त्याच आठवड्यात थाळी उचलून निघून गेले. विहिरीवर मोटर पुन्हा बसली. गावाला वाटलं, सुटलो.

संक्रांतीच्या आधी अण्णाजींच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. आधी बोट, मग हात, मग खांदा. जेवण गेलं. एका सकाळी जयवंतानं पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांचा घसा आवळला आणि पेला उडाला. तहानेनं जीव जात होता, आणि पाणी समोर आलं की सारं अंग आखडत होतं. दार उघडलं, बाहेरची हवा तोंडावर आली, तरी तसंच होई. ते स्वतःच म्हणाले, "दार लावा. वारा येऊ देऊ नका."

सचिननं गाडी आणली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही करता येत नाही. अण्णाजी शुद्धीत होते, हेच सगळ्यांत वाईट. मधे मधे झटका ओसरला की ते आमच्यासारखंच बोलत. अशाच एका वेळी त्यांनी मला, बाईंना आणि जयवंताला जवळ बोलावलं.

"सुईले दोष देऊ नका," ते म्हणाले. "शिबिराच्या आंधीच भुऱ्याले कोल्हा चावलता. वावरात झुंजले दोघं. मानेखाली जखम होती, मी हळद भरून केस वरून बसवले. मले वाटलं, डाक्तरले सांगतलं तं तो कुत्रं मारून टाकन. म्हणून लपोलं. आन् दात लागलता मले, घशात हात घातला तवा. एवढासाच. ते सांगतलं असतं तं कोल्ह्याचंबी सांगा लागलं असतं."

जयवंता तोंडात पदर कोंबून उभी होती. "मामाजी, मी इचारलं होतं तुमाले."

"इचारलं होतं वं. पण थाळी पडली होती ना. मले वाटलं, निघालं."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यविधीनंतर ढोरांचे डॉक्टर प्रफुल आले होते. त्यांनी आम्हाला सांगितलं ते साधं होतं. लस अंगात ताकद तयार करते, पण त्याला दिवस लागतात. रोग आधीच आत शिरला असेल तर कुत्र्याला दिलेली सुई उशिराची ठरते. भुऱ्याला कोल्ह्यानं मारलं. सुई फक्त त्याच्या मागोमाग पोचली. मात्र माणसाला चावल्यावर लगेच सुया दिल्या तर वेळ सापडते, कारण रोग जखमेतून डोक्याकडे हळूहळू चढतो. वर्षालीला ती वेळ सापडली. अण्णाजींच्याही हाताशी ती होती.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर झालं. लोकांच्या शंका त्याच होत्या. टोचलं तर ताप येतो का? येतो कधी, एखादा दिवस सुस्त राहतं, मग उठतं. राखण सोडतं का? सोडत नाही, ज्यांनी टोचून घेतलं त्यांची कुत्री अजून आमच्यावर भुंकतात. गाभण असली तर? डॉक्टरांना आधी सांगा, ते ठरवतील. पिल्लाला केव्हा? तीन महिन्यांचं झालं की. मागल्या वर्षी झालं, आता पुन्हा कशाला? कारण ताकद उतरते, म्हणून दरसाल. घरातच राहणारं कुत्रं? भुऱ्याही घरचाच होता.

जयवंता एक नवं काळं पिल्लू घेऊन रांगेत उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं ते डॉक्टरांपुढे उताणं धरलं आणि बोटांनी केस बाजूला करत एकेक जागा दाखवू लागली. "हे मांजरीनं वरखडलं. हे काट्याचं आहे. इथं काय आहे ते मले समजत नाई, तुमी पाह्या. मंग टोचा." डॉक्टर म्हणाले, बाई, इतकं कोणी दाखवत नाही. ती म्हणाली, "मी दाखवीन जी."

वाचणाऱ्या भावांनो, बायांनो, एकाच घरातल्या दोघांना एकाच कुत्र्याचे दात लागले. दोघांच्या पाठीला तीच थाळी चिकटली आणि दोघांच्या पाठीवरून ती पडली. एकीनं सुया घेतल्या, ती पुढे कॉलेजात शिकली. दुसऱ्यानं घेतल्या नाहीत. यापेक्षा मोठा पुरावा मला ठाऊक नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली खूप वेळ धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या कुत्र्याला दरसाल टोचून घ्या. आणि डॉक्टरनं विचारलं, तर सगळं सांगा.